कवचावर कवच

अल खुवैरच्या आमच्या घरात शुक्रवारची दुपार म्हणजे लढाईची वेळ. वरण-भाताची ताटं उचलली की जेवणाच्या टेबलावर चौकटींचा एक मोठा कागद पसरला जातो, त्यावर बुद्धिबळातले उरलेसुरले हत्ती-घोडे मांडले जातात आणि पाच मुलं चार-साडेचार तास जागची हलत नाहीत. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, त्यामुळे त्यांना बाहेर पिटाळायचीही सोय नसते. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांच्या तोंडून ते ऐकलं असेल, आणि माझ्यासारखंच 'हं' म्हणून वर्तमानपत्रात डोकं घातलं असेल. मीही दीड वर्ष तेच केलं. मग एका शुक्रवारी माझी धाकटी, वय वर्षं दहा, डोळे पुसत आतल्या खोलीत निघून गेली, आणि मला तो खेळ समजून घ्यावा लागला. हा लेख त्या समजून घेण्याचा आहे. मंडळाच्या पुरवणीत पुस्तकांवर, नाटकांवर टीका येते, मग खेळाच्या नियमावर का येऊ नये, असा माझा सवाल आहे. नियमही कोणीतरी लिहिलेलेच असतात आणि ते चांगले-वाईट असतात.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मुलगा सूत्रधार होतो, त्याला हे लोक 'डंजन मास्टर' म्हणतात. आमच्याकडे तो माझा थोरला आहे. तो गोष्ट सांगतो, राक्षस आणतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र चालवतात. पात्राला काय जमतं ते एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. तलवार मारायची तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास'इतकी किंवा जास्त झाली तर वार लागला. आर्मर क्लास म्हणजे अंगावरचं संरक्षण. तो आकडा जितका मोठा तितकं तुम्हाला मारणं कठीण. बस, एवढ्यावर सगळा डोलारा.

टेबलावरची मंडळी अशी. सांगलीच्या एका डॉक्टर दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याच्या योद्ध्याचं नाव कर्ण. आईच्या कपाटात 'मृत्युंजय' असलेल्या घरातला मुलगा दुसरं काय नाव ठेवणार! वरच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबातला मुलगा मंत्र म्हणून जखमा बऱ्या करतो, त्याला सगळे वैद्यबुवा म्हणतात. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या घरातली मुलगी शाहीर झाली आहे, तिच्या डफावर बाकीच्यांना चेव चढतो. आणि माझी धाकटी आहे हिरकणी, कडे चढणारी, कुलपं उघडणारी, अंगावर नुसता कातड्याचा अंगरखा. तिचा आर्मर क्लास १३.

कर्णाचा २५.

वाद सगळा इथून सुरू होतो. कर्णाने पोलादी चिलखत घातलं आहे, त्याचे १८. हातात ढाल, तिचे २. झाले २०. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही. पण या मुलाने पुस्तक नीट वाचून, योद्ध्याला थोडी जादूही शिकता येते अशी एक वाट शोधून काढली आणि 'शील्ड' नावाचा मंत्र घेतला. तो म्हटला की एका फेरीपुरते आणखी ५ मिळतात. दोन्ही हात ढाल-तलवारीत गुंतलेले असताना मंत्राची मुद्रा कशी करणार, म्हणून त्याचीही परवानगी देणारं एक वेगळं कौशल्य त्याने मिळवून ठेवलं. मंत्र दिवसातून मोजक्या वेळाच चालतो, पण महत्त्वाच्या लढाया तरी दिवसातून किती होतात? मुलांच्या भाषेत याला 'स्टॅक होणं' म्हणतात. आपण थर लावणं म्हणू. एक गुण दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. प्रश्न असा, की खेळाने असे थर लावू द्यावेत का?

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ छापला, तेव्हा तो सैनिकांच्या बाहुल्यांनी टेबलावर लढायांचे डाव मांडणाऱ्या हौशी मंडळींमधून आला होता. पुढच्या पुस्तकांत तोडगा असा होता की वस्तूगणिक सांगून टाकायचं: संरक्षणाची अंगठी आणि मंतरलेलं चिलखत एकत्र चालणार नाही. म्हणजे आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकासारखं, प्रत्येक भांडणानंतर एक नवी पाटी. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने शिस्त आणली. प्रत्येक वाढीला एक जात दिली: चिलखताची, अंगभूत कातडीची, नशिबाची, मनोधैर्याची वगैरे. दोन वेगळ्या जातींच्या वाढी एकत्र मिळवायच्या, एकाच जातीच्या दोन आल्या तर मोठी तेवढी धरायची. चपळाईने वार चुकवण्याची वाढ वगैरे एक-दोन अपवाद सोडले तर नियम पक्का.

कल्पना मला आवडली, कारण ती आपल्या घरच्या औषधांच्या डब्यातली आहे. इथल्या फार्मसीतून आणलेलं पॅनाडॉल आणि सुट्टीत गावाहून आणलेलं क्रोसिन, दोन्ही पॅरासिटामॉलच. नावं दोन म्हणून दोन्ही घेतली तर ताप दुप्पट उतरत नाही, यकृतावर भार मात्र पडतो. जात बघायची, नाव नाही. तिसऱ्या आवृत्तीने हे बरोबर ओळखलं. पण त्यापायी खेळणारे वाढींच्या याद्या घेऊन बसू लागले, एक वार मोजायला बेरजांचे कागद लागू लागले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मग ते सगळं झाडून टाकलं. आमच्याकडे हीच पुस्तकं आहेत. यात जात जवळजवळ गेली आणि नाव आलं: एकाच नावाचा मंत्र दोघांनी म्हटला तर एकदाच धरायचा, वेगवेगळ्या नावांचे असतील तर एकत्र चालतात. आणि फाशाला मदत करणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या जागी एकच युक्ती ठेवली, 'अ‍ॅडव्हान्टेज'. परिस्थिती अनुकूल असेल तर एकाऐवजी दोन फासे टाका आणि मोठा आकडा घ्या. परिस्थिती कितीही अनुकूल असो, फासे दोनच. तिसरा नाही.

गंमत बघा, खुद्द कर्णाच्या कवचाचा निकालसुद्धा आवृत्तीवर अवलंबून आहे. सांगलीकर कर्णाची सुरुवातीची मागणी हीच होती की जन्मजात कवच अधिक पोलादी चिलखत, असे दोन्ही धरा. २००० च्या पुस्तकात अंगभूत संरक्षण आणि घातलेलं चिलखत या दोन जाती आहेत, त्यामुळे बेरीज होते. २०१४ च्या पुस्तकात संरक्षण मोजायच्या या दोन रीती ठरतात आणि त्यातली एकच निवडायची असते. थोरल्याने २०१४ चं पुस्तक उघडून मागणी फेटाळली. व्यास त्याहून कडक सूत्रधार. त्यांनी हा प्रश्न युद्धभूमीवर येऊच दिला नाही. वनपर्वातच इंद्राला ब्राह्मणाच्या वेषात पाठवून कवच-कुंडलं काढून घेतली, आणि बदल्यात जी शक्ती दिली ती एकदाच वापरायची. ती घटोत्कचावर खर्च झाली.

आता मी व्यवसायाने बांधकामाचा इंजिनिअर. आकडे समोर आले की हात शिवशिवतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा जे दिसलं ते वाचकांपुढे ठेवतो, कारण माझी टीका त्यावरच उभी आहे.

समजा राक्षसाच्या फाशात ५ मिळवायचे आहेत. नुसत्या चिलखतातल्या कर्णाला, म्हणजे १८ ला, लागायला त्याला फाशावर १३ किंवा जास्त हवेत. वीसपैकी आठ बाजू, म्हणजे ४० टक्के. ढाल धरली की ३० टक्के. चार वार लागायचे तिथे तीन लागतील. मंत्र म्हटला की २५ झाले, आता फक्त २० पडले तरच वार लागणार, ५ टक्के. सहा वार लागायचे तिथे एक. म्हणजे ५ या आकड्याची किंमत सगळीकडे सारखी नाही! उघड्या अंगाच्या माणसाला, ज्याचा आर्मर क्लास १० आहे, तेच ५ दिले तर त्याला बसणारे वार ८० टक्क्यांवरून ५५ वर येतात. दहा वार बसायचे तिथे सात. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याच्या हातात तोच मंत्र कितीतरी पट मोलाचा होतो. शेवटचा एकच आकडा घ्या, २४ चे २५ झाले की लागणारे वार सरळ निम्मे होतात. थर जितका वरचा, तितका त्याचा मोबदला जास्त. असा थर थांबणार कसा?

आता सूत्रधाराची अडचण समजून घ्या. टेबलावर एक मुलगा असा आहे की त्याला काही लागतच नाही. त्याच्यासाठी लढाई कंटाळवाणी होते. मग सूत्रधार काय करतो? राक्षस वाढवतो. हिरण्यकशिपूची गोष्ट आठवा. माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. थर लावण्याच्या कलेत त्याचा हात धरणारा कोणी नाही. आणि त्याच्यावरचा उपायही प्रत्येक सूत्रधाराला पाठ असतो, खांब फोडून काहीतरी नवंच बाहेर काढायचं. माझ्या थोरल्याने खांब फोडला. राक्षसाचे ५ होते ते १० केले. कर्णाला मंत्रासकट पुन्हा ३० टक्के वार बसू लागले आणि लढाईत जीव आला, असं त्याला वाटलं.

पण त्याच राक्षसासमोर हिरकणीही उभी होती. १३ वाली. आधी तिला ६५ टक्के वार बसायचे. आता ९०.

कर्णाच्या कवचाचे पैसे कोणी भरले, ते या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. थोरल्याला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. पुस्तकाने त्याला असं कुठे सांगितलंच नव्हतं की एकाच्या अंगावरचा थर दुसऱ्याच्या पाठीवर उभा असतो.

आणि त्या शुक्रवारचं रडं मात्र यामुळे नव्हतंच, किंवा निदान एवढ्यामुळे नव्हतं. झालं असं, की कर्ण एका दांडग्या राक्षसाशी भिडला होता आणि त्याचा वार लागणं सगळ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. वैद्यबुवाने आपली पाळी खर्चून त्याला मदत केली. पुस्तकात तशी सोय आहे. मदतनीस शत्रूच्या पाच फुटांच्या आत हवा, मग मित्राला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. हिरकणी झाडावर सुरक्षित होती. ती उतरली, धावत राक्षसाच्या पायाशी गेली आणि म्हणाली, मीही मदत करते, त्याचं लक्ष माझ्याकडे वेधते. थोरल्याने नियम सांगितला, "अगं, त्याला अ‍ॅडव्हान्टेज आहेच. दुसरा मिळत नाही." मग राक्षसाची पाळी आली. तो तिच्यावरच वळला, ९० टक्के होते, लागला, आणि हिरकणी पडली. तेव्हा ती म्हणाली, "मग मी तिथे गेलेच कशाला?" आणि आत गेली.

थोरल्याने तिला आधीच सांगायला हवं होतं हे खरं. ते त्यालाही मान्य आहे. पण तिचा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना आहे, आणि मला तो सोडवता येईना.

पुन्हा पेन्सिल घेतली. वार लागायला फाशावर १५ हवेत असं धरू. एका फाशाला ३० टक्के. दोन फासे टाकून मोठा घेतला तर ५१. तीन टाकले तर जवळजवळ ६६. चार टाकले तर ७६. वाढ किती झाली पाहा: २१, मग १५, मग १०. प्रत्येक नवा फासा आधीच्यापेक्षा कमी देतो. हा थर आपोआप बुटका होत जातो, कितीही रचा, शंभरापर्यंत जात नाही. चिलखताच्या थराच्या अगदी उलट.

म्हणजे पुस्तकाने केलं काय? जो थर आवरत नाही त्याला, नावं वेगळी आहेत म्हणून, मोकळं सोडलं. आणि जो थर स्वतःच स्वतःला आवरतो, त्याला पहिल्याच पायरीवर बंदी घातली. शिवाय पहिला थर बहुतेक वेळा एकट्याने स्वतःच्या अंगावर लावायचा असतो, आणि दुसरा इतरांनी येऊन लावायचा. याच नियमाचं पुढचं कलम तर मला अधिकच खटकतं: प्रतिकूल गोष्ट एक जरी असली तरी ती कितीही अनुकूल गोष्टींना पुसून टाकते आणि पुन्हा एकच फासा उरतो. तिघांनी जीव धोक्यात घालून मदत करावी, डोळ्यांत थोडी वाळू उडावी, आणि हिशेब शून्य.

लिहिणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. त्यांना बेरजांच्या याद्या बंद करायच्या होत्या. फासा टाकण्यापूर्वी कोणी 'थांब, अजून एक वाढ आहे' असं म्हणू नये, खेळ पळत राहावा, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला आहे. आणखी एक न्याय्य गोष्ट सांगायला हवी. या पुस्तकात इतरांची देणगी मुळीच साचत नाही असंही नाही. वैद्यबुवाचा 'ब्लेस' मंत्र चार बाजूंचा फासा देतो, शाहिराचा डफ सहा बाजूंचा, आणि दोन्हींची नावं वेगळी असल्यामुळे दोन्ही मिळवता येतात. सरासरी ६ ची भर, आणि तीही दोघा मित्रांकडून. आमच्या टेबलावर सगळ्यात मोठा आरडाओरडा होतो तो हे दोन फासे एकत्र पडतात तेव्हा. पण ज्याच्याकडे ना मंत्र ना डफ, ज्याच्याकडे नुसतं जाऊन उभं राहणं आहे, त्याची मदत मात्र दुसऱ्या क्रमांकाला आली की फुकट.

लहानपणी आजोळी आम्ही सारीपाट खेळायचो. एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचं जुग व्हायचं आणि एकट्या सोंगटीला ते मारता यायचं नाही. तिसरी सोंगटी आली म्हणून जुग अधिक पक्कं होत नसे, पण ती तिसरीही त्या आसऱ्याला यायची, तिला कोणी 'जागा भरली' म्हणत नसे. आणि मुख्य म्हणजे जुगाचं बळ कोणत्याही एका सोंगटीचं नव्हतं. एक पुढे गेली की मागची उघडी. माझ्या एका ओमानी सहकाऱ्याने मला 'हवालिस' शिकवला. चार ओळींत सात-सात खळगे, प्रत्येकात दोन खडे, एकूण ५६. त्यातही नवखा माणूस एका खळग्यात खडे साठवत जातो, छान ढीग होतो, आणि समोरचा एका चालीत तो अख्खा ढीग उचलून नेतो. दोन-तीनदा असं झाल्यावर मी साठवणं सोडलं.

महाभारत नीट पाहिलं तर तिथला सगळ्यात उंच थर कर्णाचा नाहीच, अर्जुनाचा आहे. गांडीव, दोन अक्षय भाते, ध्वजावर मारुती, शिवाचं आणि इंद्राचं अस्त्र, आणि वर सारथी कृष्ण. आमच्या कर्णाचा पहिला आक्षेप हाच होता, "काका, अर्जुनाचं सगळं स्टॅक होतं, मग माझंच का नको?" प्रश्न रास्त आहे. पण अर्जुनाचं यातलं काय स्वतःचं होतं? युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला आधी खाली उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो, आणि तो रथ जळून भस्म होतो. द्रोण-कर्णाच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळालेला होता, कृष्ण बसला होता म्हणून उभा होता. पुढे मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात. गांडीव ऐकत नाही, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. सगळा थर एका माणसाच्या असण्यावर होता. पाचव्या आवृत्तीत 'कॉन्सन्ट्रेशन' नावाचा एक नियम आहे: बरेच टिकाऊ मंत्र असे आहेत की म्हणणाऱ्याने त्यांच्यावर चित्त धरून ठेवावं लागतं, एका वेळी एकच, आणि तो पडला किंवा त्याचं चित्त ढळलं की मंत्र सुटतो. त्या सबंध पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला नियम हा. थर आहे, पण तो कोणीतरी धरून ठेवलेला आहे.

कर्णाच्या बाबतीत व्यासांनी साचू दिलं ते भलतंच. परशुरामाचा शाप, ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. ब्राह्मणाचा शाप, रथाचं चाक जमिनीत रुतेल. त्यात सारथी शल्य, ज्याने तेजोभंग करायचं वचन आधीच दिलेलं. तिन्ही एकाच कथेत एकमेकांवर चढले, कोणी कोणाला पुसलं नाही. २००० च्या पुस्तकातही हेच आहे. एका जातीच्या वाढी मिळत नाहीत, पण उणे आकडे बहुधा सगळे मिळवले जातात. हे वाचून प्रथम अन्याय वाटला. पण आमच्या धंद्यात काय होतं? भारतीय संहितेप्रमाणे भूकंप आणि वादळी वारा दोन्ही पूर्ण जोराने एकाच वेळी येतील असं इमारतीच्या हिशेबात धरत नाहीत. ते शहाणपणाचं आहे. पण २००७ च्या जून महिन्यात गोनू आलं तेव्हा मस्कतमध्ये वारा, पाऊस, समुद्र आणि वाद्यांचे लोंढे सगळे एकदम आले होते. त्या रात्री इथे असलेल्या वाचकांना जास्त सांगायला नको. संकटांना थराचा नियम सांगून उपयोग नाही. तेव्हा उणे आकडे साचतात हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच मदत साचत नाही हे मला मान्य करता येत नाही.

एवढं सगळं मी जेवणाच्या टेबलावर मांडलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि लगेच भोकं पाडायला सुरुवात केली. शाहीर म्हणाली, "मग लोक पाळीव घुबडं आणतील, काका. घुबडही मदत करू शकतं, पुस्तकात आहे." वैद्यबुवाने त्यावर भाडोत्री शिपायांची कल्पना काढली, चार रियालांत आठ मदतनीस. खरं आहे. दहीहंडीतसुद्धा शिडी चालत नाही. तेव्हा ठरलं असं: मदत टेबलावर बसलेल्या खेळाडूच्या पात्रानेच करायची, शत्रूच्या पाच फुटांच्या आत जाऊन, आपली पाळी खर्चून, आणि नेमकं काय करतो ते बोलून दाखवून. असा प्रत्येक मदतनीस एक फासा आणेल आणि तो स्वतःच्या हाताने टाकेल. त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. प्रतिकूल गोष्ट आली तर तिने एक फासा कमी करायचा, सगळे नाहीत. हा शेवटचा भाग धाकटीने सुचवला, म्हणजे ती आतून बाहेर आली होती.

कवचाचं काय, तिथे मात्र मी हरलो. माझं म्हणणं होतं की 'शील्ड' मंत्राने संरक्षण ५ ने वाढू नये, ते 'किमान २०' व्हावं. पुस्तकात असा दाखला आहे. 'बार्कस्किन' नावाच्या मंत्राने अंगाची साल होते आणि आर्मर क्लास १६ च्या खाली जात नाही, आधीच जास्त असेल तर काही मिळत नाही. मंत्र मुळात उघड्या अंगाच्या जादूगारासाठी आहे, त्याचं काम त्यात भागतं. चिलखत-ढालवाल्याला त्यातून काही मिळालं नाही तर बिघडलं कुठे? हिशेब चोख होता. पण तो मुलगा म्हणाला, "काका, मी ते सगळं वाचून, तीन महिने जपून जमवलंय. कोणाचं चोरलं नाही." आणि तेही खोटं नव्हतं. किचकट पुस्तकातून नियमाला नियम जोडून काहीतरी उभं करणं हाही खेळच आहे. मी स्वतः त्याच्या वयाचा असतो तर नक्की तेच केलं असतं. शिवाय त्याचे आई-वडील जूनमध्ये कायमचे सांगलीला परतायचे होते. दोन वर्षं वाढवलेल्या पात्राचं चिलखत शेवटच्या तीन शुक्रवारांसाठी कोण काढून घेणार? आपल्याला इंद्र व्हायचं नव्हतं. थोरल्याने निकाल दिला की कर्ण आहे तसाच राहील, राक्षस मात्र पुन्हा ५ चे होतील, आणि 'किमान २०' पुढच्या खेळापासून. कर्णाला वार लागत नाहीत तर न लागोत. माझ्या निकालापेक्षा त्याचा बरा होता, हे आता कबूल करतो.

शेवटच्या शुक्रवारी मी चहाचा कप घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसलो. आमची ही शिऱ्याची बशी घेऊन मागे उभी. हिरकणी एका भुयारात त्या राक्षसाच्या मागे पोचली होती, हातात सुरी, आणि लागायला फाशावर १५ हवे होते. शाहिराने समोरून डफ आपटला, वैद्यबुवाने राक्षसाच्या पायाला मिठी मारली. मग कर्णाची पाळी आली. तो स्वतः वार करू शकत होता, दीड वर्ष तेच करत आला होता. त्याने ढाल खाली ठेवली आणि म्हणाला, "मी त्याचे दोन्ही हात धरतो. तू मार."

चार फासे. ७६ टक्के. धाकटीने हळूच माझ्याकडे पाहिलं, आकडा तिला पाठ होता. तिचा फासा पडला ३. शाहिराचा ९. वैद्यबुवाचा घरंगळत शिऱ्याच्या बशीला अडकला, ११. कर्णाने दोन्ही हातांत खुळखुळवून टाकला.

१४.

"परत टाकूया," धाकटी म्हणाली. पण पाळी राक्षसाची होती, आणि थोरल्याने फासा उचललाही होता.